मागे घेतलेलं ताट

मी भित्रा माणूस आहे. हे मी विनयानं म्हणत नाही, भिंगारमध्ये कुणालाही विचारा. आमच्या गल्लीत कुत्रं नुसतं कान टवकारून बसलं तरी मी दुसऱ्या बोळातून वळसा घालून जायचो. वडील लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन कामगार होते. उभं आयुष्य जवानांच्या आजूबाजूला गेलेलं, त्यामुळे माझ्या या गुणाचं त्यांना फार वाईट वाटायचं. "ह्याच्या वाटणीचं धाडस ह्याच्या आईनंच उचललेलं दिसतंय," असं ते म्हणायचे, आणि आई काही ते नाकारायची नाही.

अशा माणसाला काम कुठलं मिळावं, तर पॉवर प्रेसवरचं. नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. आयटीआय करून मी नगरच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात लागलो. मोठ्या कंपन्यांना लागणारे पत्र्याचे सुटे भाग आम्ही बनवायचो. प्रेस म्हणजे वरून खाली येणारा लोखंडाचा ठोकळा. खालच्या साच्यावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा, ठोकळा धाडकन खाली येतो आणि सपाट तुकड्याचा वाकलेला, भोकं पडलेला भाग तयार होतो. पत्रा कुठला आणि बोट कुठलं, हे त्याला कळत नाही. म्हणून मशीनच्या दोन्ही बाजूंना एकेक बटण असतं. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ठोकळा खाली येणार, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. बनवणाऱ्यानं डोकं लावून केलेली सोय.

आणि आम्ही तिच्यावर आमचं डोकं चालवलं होतं. उजव्या बटणात लाकडाची पाचर ठोकायची. ते बटण दाबलेलंच राहतं. मग डाव्या हातानं दुसरं बटण दाबायचं आणि उजव्या हातानं तुकडे सरकवत राहायचं. काम जवळजवळ दुप्पट निघायचं. पाचर ज्याची त्यानं घरून करून आणायची. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरनं, ज्याला आम्ही सगळे मामा म्हणायचो, बाभळीच्या लाकडाची घडवली होती आणि तिच्यावर चाकूनं खूणसुद्धा केली होती, कारण पाचरी चोरीला जायच्या. माझी लिंबाची होती, आणि ती सारखी सैल व्हायची. पाचर ठोका असं मॅनेजर कधी म्हणाला नाही. तो फक्त सुट्टीच्या वेळी प्रत्येकाच्या ढिगासमोर उभा राहायचा, आणि ज्याचा ढीग लहान त्याच्याकडे नुसता बघायचा. मला तेवढं पुरायचं.

माझ्या शेजारच्या प्रेसवर माझा जोडीदार होता, श्रीगोंद्याकडचा, काष्टीचा. नगरमध्ये खोली करून राहायचा आणि आठवड्याच्या सुट्टीला गावी जायचा. सोमवारी आला की बाजारातली अर्धी काष्टी माझ्या कानात ओतायचा. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा बैल किती दाती, कोण कुणाला फसवून गेलं. बोलताना त्याचे हात थांबायचे नाहीत. माझे थांबायचे. म्हणून त्याचा ढीग मोठा आणि माझा लहान.

त्या दिवशी दुपारी तो मला त्याच्या थोरल्या मुलीची गंमत सांगत होता. तिला शाळेत घालायचं तर ती म्हशीला सोबत घेऊन चला म्हणते. तो हसला, मीही हसलो. ठोकळा खाली आला. आवाज अगदी नेहमीसारखाच आला, आणि आजही मला भीती वाटते ती त्याचीच. वेगळा आवाज आला असता तर बरं झालं असतं. त्यानं हात बाहेर काढून पाहिला आणि माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाला, "गड्या, हे काय झालं रं." अंगठ्याशेजारची दोन बोटं हातावर नव्हती.

मॅनेजरनं त्याला जीपमध्ये घातलं. बरोबर मला घेतलं, हात धरून ठेवायला. दवाखाना येईपर्यंत मॅनेजर पुढच्या सीटवरून मान न वळवता बोलत होता. डॉक्टरनं विचारलं तर सांगायचं, घरी कडबाकुट्टीत हात गेला. नोकरीची काळजी करू नकोस, बरा झालास की ये, हलकं काम देऊ. कडबाकुट्टीत हात जाणं आमच्याकडे इतकं नेहमीचं आहे की कुठल्याही डॉक्टरनं त्यावर विश्वास ठेवावा. दर हंगामात एखादा तरी जातो. जोडीदार "व्हय सायेब" म्हणाला. त्याच्या हाताभोवती गुंडाळलेला माझा शर्ट गरम आणि जड होत चालला होता. मी शर्टाची गाठ आवळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्याच्या प्रेसवर दुसरा माणूस होता. पाचर तीच होती.

त्यानंतर शॉपमध्ये, म्हणजे आमच्या प्रेसच्या शेडमध्ये, बोलणं बंद झालं. कामाच्या मध्ये एकमेकांच्या आयाबहिणींची चौकशी करणारे आम्ही लोक, पण आता ज्यानं त्यानं आपापल्या साच्यात डोळे घातलेले. मला रात्री हात उशीखाली दडपून झोपायची सवय लागली. सकाळी मुंग्या यायच्या, मग बोटं मोजल्यासारखी हलवून बघायचो. आई एकदा म्हणाली, "हात दुखतो का रे?" मी नाही म्हणालो.

रस्त्याच्या पलीकडे एक मोठा कारखाना होता आणि तिथं युनियन होती. त्यांचं जेवण कँटीनमध्ये, पायात जाड बूट, आणि त्यांना ताप आला तर ते घरी झोपायचे. आम्हाला ताप आला तर आम्ही तापासकट यायचो. तिथला एक पुढारी, स्वतः फिटर, सुट्टीनंतर सायकल हातात धरून चहाच्या टपरीवर उभा राहायचा. त्याला आमच्या जोडीदाराचं कळलं होतं. तो मला म्हणाला, "तुमच्या कारखान्यातला एक तरी माणूस आमचा सभासद झाला पाहिजे. मग युनियन तक्रार करू शकते, सरकारी निरीक्षक बोलावू शकते, भरपाई मागू शकते. एकसुद्धा नसेल तर आम्ही परके. परक्याला कोण दारात उभं करतं?" मी चहा अर्धा टाकून निघालो. आमच्यातल्या एकानं आदल्या वर्षी या माणसाशी टपरीवर नुसत्या गप्पा मारल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी गेटवरच्या वॉचमननं त्याला आत सोडलं नव्हतं. कारण विचारायचीही सोय नव्हती. आम्ही सगळे हंगामी, कारण कशाला देतील?

वडिलांच्या डेपोत युनियन जुनी होती. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं ते तिच्याबद्दल बोलायचे, थोड्या कुरकुरीसकट. मी त्यांना विचारलं की युनियन नेमकं काय करते. ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "साहेबासमोर उभं राहून बोलताना मागं कुणीतरी खाकरलं पाहिजे. युनियन म्हणजे ते खाकरणं. नुसतं तेवढ्यानं साहेबाची नजर बदलते." मग गालावरून वस्तरा फिरवत पुढं म्हणाले, "पण पहिल्यांदा पुढं कुणीतरी उभं राहायला लागतं. तिथं आपला निकाल लागतो." हे माझ्यासाठी होतं, हे कळायला मी एवढा खुळा नव्हतो.

मग खंडेनवमी आली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, म्हणजे आमच्याकडे मशीनची. आदल्या दिवशी प्रेस पुसून लख्ख करायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या, कुंकवाची बोटं ओढायची. त्या वर्षी मॅनेजरनं प्रत्येक प्रेससमोर कोहळा कापायला लावला. गेल्या वर्षी पूजेला कोहळा चुकला म्हणून मशीननं रक्त मागून घेतलं, असं तो म्हणाला, आणि बऱ्याच जणांनी मान डोलावली. जोडीदारालाही बोलावून घेतलं होतं. हाताला पांढरी पट्टी, अंगात धुतलेला सदरा. दोन महिन्यांत तो इतका वाळला होता की मी आधी त्याला ओळखलंच नाही.

आरती झाल्यावर मॅनेजरनं एक ताट आणलं. ताटात बेलाची पानं आणि भंडारा, खंडोबाची हळद. नगरच्या कुठल्याही खेड्यात बेलभंडारा उचलणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कोर्टात खोटं बोलणारे लोक भंडाऱ्यासमोर खोटं बोलत नाहीत. मॅनेजर म्हणाला, आपण सगळे एक घर आहोत, घरातलं बाहेर जाऊ नये. म्हणून प्रत्येकानं भंडारा उचलायचा आणि म्हणायचं की युनियनच्या वाटेला जाणार नाही, आणि इथं जे घडलं त्याबद्दल कुणापुढे तोंड उघडणार नाही. पहिला नंबर जोडीदाराचा. उजव्या हाताला पट्टी, म्हणून त्यानं डाव्या हातानं उचलला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मग एकेक जण. मामानं उचलला तेव्हा हळद त्याच्या बाहीवर सांडली.

मी रांगेत शेवटून तिसरा होतो. आमच्या घरात देव नाहीत. आजोबांच्या पिढीनं ते सोडले आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. उचलला तर घरी वडिलांना काय तोंड दाखवू, नाही उचलला तर इथं काय दाखवू, या दोन भीतींमध्ये मी घामानं भिजलो होतो. मॅनेजर माझ्यासमोर आला. माझा हात अर्धा पुढं गेला, खरं सांगायचं तर आपोआप गेला. आणि त्यानं ताट मागं घेतलं. नुसतं थांबवलं नाही, मागं घेऊन स्वतःच्या छातीशी धरलं. "तुमच्यात चालत नाही ना हे," तो हसून म्हणाला, "राहू दे." आणि पुढच्या माणसाकडे गेला.

तो मला माझ्या धर्माचा मान देत होता, असं कुणाला वाटत असेल तर खुशाल वाटू दे. ताट छातीशी धरण्याची ती पद्धत मला लहानपणापासून पाठ होती. अपमानानं कान तापले. पण त्याच्या पाठोपाठ, लाज वाटते सांगायला, हुश्श झालं. सुटलो, असं वाटलं. घरी जाताना मी शीळसुद्धा घातली.

सुटलो नव्हतो, हे दुसऱ्या दिवशी कळलं. दुपारच्या सुट्टीत मामा माझ्या शेजारी येऊन बसला. पारनेरकडचा माणूस, कोरडवाहू शेती भावाकडे सोडून इथं आलेला. एरवी माझ्या डब्यातली भाजी घ्यायची वेळ आली की त्याला नेमका उपास असायचा. त्या दिवशी त्यानं माझ्याच डब्यातून भाकरीचा तुकडा मोडला, चावला, गिळला, आणि मग म्हणाला, "आमी समदे बांधलो गेलो. तू तेवढा मोकळा हायेस."

मी हातातला घास डब्यात परत ठेवला. मी वर पाहिलं तर सगळं शॉप माझ्याकडे बघत होतं. माझ्याकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं, आणि बघू नये अशीच माझी इच्छा होती. मॅनेजरनं सगळ्यांची तोंडं देवाच्या नावानं शिवली होती आणि स्वतःच्या सोवळ्यापायी एक तोंड उघडं ठेवलं होतं. ते नेमकं माझं. मी चिडून म्हणालो, "मामा, उचलायचा नव्हता मग भंडारा! आता माझ्या गळ्यात कशाला घालता?"

"लेकरंबाळं हायेत रं," तो म्हणाला. "शपत मोडली आन् उद्या काय बरंवाईट झालं तर मी सवताला काय सांगू?"

"आणि मला काय झालं तर?"

मामानं भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.

दिवाळी झाली आणि जोडीदाराला गेटवरून परत पाठवलं. हलकं काम नाही म्हणे. मी त्याच्या खोलीवर गेलो. त्याची बायको मुलींना घेऊन काष्टीहून आली होती. हाताची जखम चिघळलेली, औषध बंद. म्हशीला शाळेत न्यायची म्हणणारी ती मुलगी कोपऱ्यात बसून बापाच्या हाताकडे एकटक बघत होती. मी म्हणालो, तू जाऊन खरं सांग. युनियन तुझी केस घेईल, भरपाई मिळवून देईल, उपचार होतील. तो मान हलवत राहिला. "मी तोंड उघडलं तर माज्या पोरींवर येईल. खंडोबाच्या दारात मला न्याय नको गड्या. डाव्या हातानं उचललाय, पन उचललाय." त्याची बायको चुलीकडे तोंड करून म्हणाली, "डाव्या हातानं उचललेली शपत खरी नसती." त्याला ते पटलं नाही. मलाही स्वतः सभासद व्हायचा धीर आला नाही. मी तसाच उठलो.

मॅनेजरच्या ध्यानात आपली चूक यायला वेळ लागला, पण आली. एका सकाळी त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर खंडोबाची तसबीर, आणि तिच्यासमोर तेच ताट. बेल ताजा होता. "त्या दिवशी तुझं राहून गेलं," तो म्हणाला आणि ताट माझ्यापुढं सरकवलं, चक्क माझ्या पोटाला लागेपर्यंत. "उचल. परमनंट करायला तुझंच नाव पहिलं घालतो." आता त्याला काही चालत नाही असं राहिलं नव्हतं. सगळं चालत होतं.

शूर माणसानं इथं काहीतरी सुनावलं असतं. मला फक्त त्याचंच वाक्य आठवलं, दुसरं काही सुचलंच नाही. "साहेब, आमच्यात चालत नाही," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की त्यानं "काय?" विचारलं, आणि मला ते परत म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणायला जास्त जड गेलं.

मला काढलं तर मी बाहेर जाऊन बोलेन, म्हणून त्यानं गेट बंद केलं नाही, पण त्या दिवसापासून कंपनीची जीप माझ्या मागं लागली. भिंगारला मी सायकलनं जायचो. ती मागून हळूहळू यायची, पुढं जायची नाही आणि हॉर्नही वाजवायची नाही. मी थांबलो की थांबायची. भर दिवसा, रस्त्यावर माणसं असताना. एकदा घाबरून मी लष्कराच्या चौकीजवळ सायकल उभी केली आणि चेन पडल्याचं नाटक केलं. जीपमधला माणूस खाली उतरला, माझ्याजवळ आला, चेन बघितली आणि म्हणाला, "चेन तर बसलेली आहे की." मग निघून गेला. एवढंच. मारलं असतं तर निदान घरी सांगता आलं असतं. नुसतं चेन बसलीय म्हणाला, हे कुणाला सांगू?

भीतीचं एक आहे, ती फार झाली की माणूस तिच्यापासून पळत नाही, कुठंतरी टेकायला जागा शोधतो. मी दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो आणि सायकलवाल्या पुढाऱ्याला म्हणालो, मला सभासद करून घ्या. लोक ह्याला धाडस म्हणतात ते ऐकून मला हसू येतं. एकट्यानं घाबरायला माझ्यात दम उरला नव्हता, म्हणून मी गेलो. त्यानं तिथंच पावती फाडली आणि त्या संध्याकाळपासून मोठ्या कारखान्यातले सायकलवाले भिंगारपर्यंत माझ्याबरोबर यायला लागले. कुणाचं तरी घर त्या बाजूला असायचं, नसलं तरी असायचं. गप्पा सगळ्या पगारवाढीच्या आणि क्रिकेटच्या. जीप काही दिवस आली. मग तिला दुसरी कामं लागली असावीत. युनियनचा फायदा काय म्हणून मला कुणी विचारलं तर मी आधी ते सायकलवाले सांगतो.

युनियननं तक्रार केली आणि निरीक्षक येणार असं कळलं. त्या सकाळी मॅनेजरनं सगळ्या पाचरी काढायला लावल्या, बटणांच्या कडा पुसायला लावल्या. फरशी धुतली. आम्ही दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबत काम करायला लागलो, शहाण्या मुलांसारखे. निरीक्षक आला, मध्यम वयाचा, कंटाळलेला. पुढाऱ्याला आत घ्यावंच लागलं, आणि त्यानं जोडीदारालाही आणलं होतं. तो दाराशी हात पाठीमागं लपवून उभा राहिला. निरीक्षकानं विचारल्यावर तो खाली बघत राहिला. मॅनेजर म्हणाला, "कडबाकुट्टी, साहेब. हा तुमच्यासमोर आहे, विचारा."

"तक्रार सांगणारा सभासद कोण?" निरीक्षकानं विचारलं.

मी प्रेसपासून बाजूला झालो. मशीन बंद केल्या होत्या, त्यामुळे ते शॉप मला कधी नव्हतं इतकं मोठं आणि रिकामं वाटलं. मी सांगितलं. बोटं इथं गेली, ह्या प्रेसमध्ये. उजव्या बटणात पाचर होती. सगळ्यांच्या असते. माझा शर्ट त्याच्या हाताला गुंडाळला होता. सांगताना मी मॅनेजरकडे न बघता त्याच्या बुटांकडे बघत होतो.

"पाचर?" मॅनेजर हसला. "कुठं आहे पाचर, दाखव." आणि खरंच, कुठंही नव्हती. बटणं चकचकीत. माझी लिंबाची पाचर मी मूर्खासारखी सकाळी कचऱ्यात टाकली होती. निरीक्षकानं सगळ्यांकडे बघून विचारलं, "आणखी कुणी पाहिलं का?" कुणी बोललं नाही. कुणी बोलणारच नव्हतं, हे मला ठाऊक होतं. उद्यापासून गेट बंद. वडिलांना काय सांगू, याचीही मी मनात जुळवाजुळव सुरू केली.

तेव्हा माझ्या मागं कुणीतरी खाकरलं.

मामा होता. त्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं, इतकं की गालाचं हाड दिसत होतं. तो आपल्या प्रेसपासून निघाला, चालत आला, खिशात हात घातला आणि बाभळीची पाचर निरीक्षकासमोरच्या टेबलावर ठेवली. खूण वरच्या बाजूला करून. मग माझ्या शेजारी उभा राहिला. त्याच्यामागून दुसरा आला. मग तिसरा. कुणी डब्यातून काढली, कुणी मोज्यातून. चोरीला जाऊ नये म्हणून सगळ्यांनी आपापली पाचर जपून ठेवली होती, आणि सांगितलं तसं एकानंही तोंड उघडलं नाही. टेबलावर लाकडांचा ढीग झाला. मॅनेजरला ढीग बघायची सवय होती, तो बघतच राहिला. सगळ्यात शेवटी जोडीदार दारातून आत आला. त्याच्याकडे पाचर नव्हती. त्यानं पाठीमागचा उजवा हात पुढं केला आणि त्या लाकडांशेजारी टेबलावर पालथा ठेवला.

निरीक्षकानं एक पाचर उचलली, मामाच्या प्रेसजवळ गेला आणि उजव्या बटणात घालून बघितली. ती मापात बसली.

पुढचं सगळं लवकर झालं असं नाही. भरपाईला युनियनला बरेच हेलपाटे घालावे लागले. प्रेसवर जाळ्या बसल्या, आमचा विमा झाला, त्याआधी गेटसमोर आम्ही काही दिवस उपाशी बसलो. ते दिवसही भीतीचेच होते, पण ती वाटून घेतलेली भीती होती, तिच्यात अधूनमधून विडी ओढता यायची. मामा चंपाषष्ठीला खंडोबाला जाऊन नारळ फोडून आला. मी विचारलं, "तोंड तर उघडलं नव्हतं ना मामा?" तो म्हणाला, "न्हाई उघडलं. पर खाकरलो हुतो." त्याला त्याचीसुद्धा धास्ती होती.

पुढच्या खंडेनवमीला जोडीदार कामावर होता, स्टोअरमध्ये. पूजा कामगारांनीच केली, मॅनेजर केबिनमधून बाहेर आला नाही. कुणाला शपथ नव्हती, नुसता भंडारा लावायचा आणि खोबरं वाटायचं. ताट जोडीदाराकडे होतं. उरलेल्या बोटांत आणि अंगठ्यात धरून तो एकेकाला लावत येत होता. तो जवळ येऊ लागला. मला त्यातलं काही नको होतं. मी आधीच एक पाऊल मागं सरकून उभा राहिलो, म्हणजे कुणाला ताट मागं घ्यायचा त्रास नको.

तो माझ्यासमोर थांबला. ताट पुढं केलं आणि तसंच धरून ठेवलं. मी म्हणालो, "मी लावत नाही, तुला माहीत आहे."

"लावू नको," तो म्हणाला. "ताट हितंच हाय."

जड ताट होतं, त्याचा हात कापायला लागला होता. मी खोबऱ्याचा एक तुकडा घेतला. तो घेईपर्यंत त्यानं ताट हलवलं नाही.